प्राणिवेडी मुलगी पशुवैद्यक होते तेव्हा पालकांनी अभिमान कशाचा बाळगावा?

आपली मुलगी लहानपणापासून जखमी पाखरे आणि भटकी पिल्ले घरी आणत असे, आता ती पशुवैद्यकीय अभ्यासक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात आहे आणि आपल्याला तिचा अतिशय अभिमान वाटतो, असे आपण लिहिले आहे. त्याच पत्रात आपण एक काळजीही मांडली आहे. या सुटीत ती गप्प गप्प होती. प्रात्यक्षिकाच्या काळात एका कुत्र्याला दयामरण देताना ती स्वतः हजर होती एवढेच तिने सांगितले. आणि पाहुण्यांसमोर आपण कौतुकाने ‘हिला प्राण्यांचे फार वेड’ असे म्हणालात तेव्हा ती उठून आत गेली. तिचे काही बिनसले आहे का, हे क्षेत्र तिच्या हळव्या मनाला झेपेल का, ‘माणसांची डॉक्टर का झाली नाही’ असे विचारणाऱ्यांना काय सांगावे, आणि पदवी मिळाल्यावर तिला काय भेट द्यावी, असे आपले प्रश्न आहेत. मी अनेक वर्षे लहान-मोठ्या दोन्ही प्रकारच्या जनावरांवर उपचार करत आले आहे आणि शिकाऊ पशुवैद्यकांना हाताखाली घेऊन शिकवत आले आहे. त्या अनुभवावरून उत्तर देते.

मुख्य गोष्ट आधी सांगते. आपण लिहिले आहे त्यावरून तिचे काही बिनसले आहे असे मला वाटत नाही, आणि प्राण्यांवरचे तिचे प्रेमही आटलेले नाही. मात्र ज्या प्रेमाचे आपण कौतुक करता तो आता तिच्या कामाचा लहानसा भाग उरला आहे. तिला जे खरोखर अवघड जाते आणि ज्यासाठी ती रात्री जागून काढते, ते आपल्या कौतुकात कुठेच येत नाही. आपला अभिमान तिच्या लहानपणापाशी थांबला आहे. तो तिच्या आजच्या कामापर्यंत, म्हणजे तिच्या निर्णयांपर्यंत आणि तिच्या हातांतील कसबापर्यंत यायला हवा, एवढेच माझे सांगणे आहे. पुढचे सगळे त्याच अनुषंगाने लिहिते.

तिने आणलेल्या पाखरांचेच उदाहरण घेऊ. जखमी पक्षी सापडला की लहान मूल मायेने त्याला मुठीत घट्ट धरते. पक्ष्याला आपल्यासारखे छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नसते. छातीचे हाड हलले तरच हवा त्याच्या फुप्फुसांतून आणि वायुकोशांतून खेळते, त्यामुळे छाती आवळून धरली तर नाकातोंडाला हातही न लागता तो गुदमरू शकतो. त्याच्या चोचीत पाणी ओतावे, अशीही इच्छा होते. परंतु त्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने ते पाणी थेट फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. आणि उडायला शिकणारे पिल्लू जमिनीवर बसलेले दिसले की ते पोरके झाले असे आपल्याला वाटते, पण बहुतेक वेळा त्याचे आईबाप जवळच असतात आणि तिथेच येऊन त्याला भरवतात; अशा पिल्लाला न उचलणे हेच त्याच्या हिताचे असते. आपल्या मुलीला हे सगळे आता ठाऊक आहे. लहानपणी आपण प्रेमाने उचललेल्या काही पाखरांना उचलायला नको होते, हेही तिला कळून चुकले असेल. प्रेमाला अशी ज्ञानाची शिस्त लागत असताना माणूस काही काळ अबोल होतो, हे मी माझ्याकडे शिकायला आलेल्या कितीतरी मुलामुलींमध्ये पाहिले आहे.

या ज्ञानाचा आवाका बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. माणसांच्या डॉक्टरला एकाच देहाची रचना शिकायची असते. पशुवैद्यकाला अनेक देह शिकावे लागतात आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला तर जीव जातो. माणसाचा ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची एखादी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते, कारण ते औषध निष्प्रभ करण्याची यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटशुळात त्याच्या जठरात द्रव साचला तर नाकातून नळी घालून तो बाहेर काढावा लागतो, नाहीतर जठर फुटू शकते. प्रौढ गाईच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो आणि तिथले सूक्ष्मजीव तिचे खाद्य पचवतात. तेव्हा गाईला औषध देताना त्या सूक्ष्मजीवांचाही विचार करावा लागतो. सशाला चुकीचे प्रतिजैविक तोंडावाटे दिले तर मूळ आजाराआधी आतड्यांतला बिघाडच त्याचा घात करतो. यात भर अशी की रुग्ण बोलत नाही, आणि जे प्राणी निसर्गात शिकार होतात ते दुखणे लपवतात. ससा किंवा पक्षी उघडपणे आजारी दिसू लागतो तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. उभे राहण्याची ढब, कानांची ठेवण, शेणाचा पोत, रवंथ थांबल्याची वेळ, अशा खुणांवरून निदानाकडे जावे लागते. आपली मुलगी काही वर्षे हे वाचन शिकते आहे. अभिमान बाळगण्यासारखी ही पहिली गोष्ट.

‘माणसांची डॉक्टर का झाली नाही’ या प्रश्नाला चिडून उत्तर देऊ नका, माहिती द्या. पशुवैद्यकाचे संघटित शिक्षण क्लॉद बुर्झला यांनी १७६१ मध्ये फ्रान्समधील लियों येथे स्थापन केलेल्या विद्यालयापासून सुरू झाले असे मानतात, आणि त्यामागचे मोठे कारण होते गुरांचे कळपच्या कळप संपवणारी बुळकांडीची साथ. गुरे मेली की नांगरट, दूध आणि शेणखत हे सगळेच थांबे आणि मागोमाग माणसे उपाशी मरत. त्या बुळकांडीचे जगातून समूळ उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग, आणि तो पुसला गेला तो प्रामुख्याने पशुवैद्यकांच्या हातून. त्यासाठीची भरवशाची लस वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने तयार केली होती. रेबीजचे पाहा. जगभरात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील जवळजवळ सगळ्यांना तो कुत्र्याच्या चाव्यातून झालेला असतो. लक्षणे दिसू लागल्यावर माणसांचा डॉक्टर जवळपास हतबल असतो. उलट एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस टोचली तर तेथील रोगप्रसाराची साखळी तुटते. ती लस टोचणारी आपल्या मुलीसारखीच कोणीतरी असते, आणि वाचलेल्या मुलाला तिचे नावही कधी कळत नाही.

पशुवैद्यकाच्या चिठ्ठीचा परिणाम कुठवर जातो, याचे एक उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. गुरांच्या दुखण्यावर आणि सुजेवर डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध सर्रास दिले जाई. गुराला आराम पडे; पण औषध दिल्यानंतर लवकरच ते गुरू मेले आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. दक्षिण आशियातील काही जातींची गिधाडे यामुळे ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले, आणि २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय मिळाला. समोरच्या गाईवर प्रेम असणे यासाठी पुरेसे नव्हते, कारण त्या गाईवरचे उपचार योग्यच वाटत होते. हाताखालच्या जनावरापलीकडचा कळप, जंगल, दूध पिणारे मूल आणि आकाशातला पक्षी डोळ्यांसमोर ठेवून औषध लिहिणे ही या व्यवसायाची खरी कसोटी आहे.

मुलगी म्हणून तिला हे काम जमेल का, असे आपण विचारलेले नाही, पण नातेवाईक विचारतील, म्हणून ॲलीन कस्ट यांच्याविषयी लिहिते. आयर्लंडमध्ये १८६८ साली जन्मलेल्या या बाईंनी एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले, आणि ते घेताना घरच्यांना संकोच वाटू नये म्हणून वेगळ्या आडनावाने नाव नोंदवले. १९०० साली शिक्षण पूर्ण झाले, तरी स्त्री असल्यामुळे व्यवसायाच्या नियामक संस्थेने त्यांना मान्यता दिली नाही. त्यांनी मान्यतेशिवाय आयर्लंडच्या ग्रामीण भागात गुराघोड्यांवर उपचार केले, पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये घोड्यांसाठी काम केले, आणि कायदा बदलल्यानंतर १९२२ मध्ये त्यांना अखेर पदविका मिळाली. ब्रिटनमध्ये ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे १९६७ मध्ये मेरी ब्रँकर या ब्रिटिश पशुवैद्यक संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, आणि त्याच वर्षी तिथे लाळ्या-खुरकुताची मोठी साथ उसळली. आज अनेक देशांत पशुवैद्यकाच्या वर्गांमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. ॲलीन कस्ट यांची गोष्ट मला आपल्या पत्रावरून आठवली. घरच्यांसाठी आडनाव झाकून शिकलेल्या त्या बाईंना, मुलीच्या नावाचा अभिमानाने उच्चार करणारे आपल्यासारखे पालक मिळाले असते तर किती बळ आले असते, असे मला मनापासून वाटते.

ताकदीचा मुद्दा थोडक्यात. गाय अडली की सगळ्यांना ओढणारे हात हवेसे वाटतात, पण अडलेले वासरू जोर लावून ओढल्याने गाय आणि वासरू दोन्ही जातात. दोन कळांच्या मधल्या उसंतीत वासराला हळूच मागे ढकलायचे, दुमडलेला पाय शोधायचा, त्याचा खूर आपल्या तळहातात झाकून घ्यायचा म्हणजे गर्भाशय फाटणार नाही, आणि मग पाय व डोके वाटेवर आणायचे. एवढे झाले की उरलेले ओढणे सोपे असते. त्यासाठी बारीक हात, वंगण आणि धीर लागतो. हे जमले नाही तर उभ्या गाईच्या कुशीत जागेवर भूल देऊन शस्त्रक्रियेने वासरू काढता येते, आणि त्यालाही कसबच लागते.

आता त्या कुत्र्याकडे येते, कारण मला वाटते आपल्या सगळ्या प्रश्नांचे मूळ तिथे आहे.

दयामरण म्हणजे काय, हे बहुतेक पालकांनी कधी जवळून पाहिलेले नसते. जनावराला आधी शांत करणारे औषध दिले जाते, मग शिरेत सुई बसवून भुलीचे औषध मुद्दाम फार मोठ्या मात्रेत सोडले जाते. काही सेकंदांत शुद्ध हरपते, त्यानंतर श्वास थांबतो आणि मग हृदय. डोळे बहुधा उघडेच राहतात, आणि कधी कधी शुद्ध गेल्यानंतरही एखादा खोल उसासा येतो किंवा स्नायू थरथरतात. हे मालकाला आधी सांगितले नाही तर तो ते दृश्य आयुष्यभर वेदना म्हणून आठवत राहतो. तेव्हा औषध देण्याइतकेच हे सांगणे महत्त्वाचे असते. खोलीत रडणारी माणसे असतात. त्यांच्यासमोर हात थरथरू न देता, निर्जलीकरणाने बारीक झालेली म्हाताऱ्या कुत्र्याची शीर पहिल्याच प्रयत्नात सापडावी लागते, कारण त्या क्षणी दुसरी टोच देणे फार जड जाते. हे झाल्यावर बाहेर येऊन हात धुवायचे आणि पुढच्या टेबलावरच्या खेळकर पिल्लाला लस टोचायची, त्याच्या मालकाशी हसून बोलायचे. ही सगळी कामे एकाच तासात एकाच माणसाने करायची असतात.

ज्या मुलीची घरात ‘प्राण्यांवर जीव टाकणारी’ एवढीच ओळख आहे, तिला पहिल्यांदा हे केल्यावर किंवा जवळून पाहिल्यावर प्रश्न पडतो की आपण ती राहिलो की नाही. अशा वेळी घरात कोणी प्रेमानेच म्हणते, ‘तुझे तर प्राण्यांवर इतके प्रेम, मग तू हे कसे करू शकलीस?’ हे वाक्य मी अनेक तरुण सहकाऱ्यांकडून ऐकले आहे आणि ते त्यांना किती खोल लागले हेही पाहिले आहे. आपण पाहुण्यांसमोर जे बोललात त्यात दोष काहीच नव्हता. पण त्या आठवड्यात तिच्या कानांना ते याच वाक्यासारखे ऐकू आले असावे. म्हणून ती उठून गेली, असे मला वाटते.

तिला सांगण्यासारखे दुसरे काही आहे. वेदना थांबवण्याचा कोणताही उपाय उरत नाही तेव्हा शांत मृत्यू देणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो नीट देता येणे हे कौशल्य आहे. निर्णयाची वेळ ओळखणे त्याहून अवघड असते: जनावर खाते का, स्वतः उठते का, दुखणे औषधाने आटोक्यात राहते का, त्याला त्याचे नेहमीचे आनंद अजून घेता येतात का, हे रोज तपासत मालकासोबत त्या निर्णयापर्यंत यायचे असते, ना फार लवकर ना फार उशिरा. आपण तिला एवढेच विचारा, ‘त्या कुत्र्याला त्रास झाला नाही ना?’ ती ‘नाही’ म्हणाली, तर ‘मग तुम्ही काम चांगले केलेत’ असे म्हणा. तिच्या कसबाची दखल घेतली गेली, हे तिला लगेच कळेल.

हळव्या मनाचे म्हणाल, तर हळवेपणा हा या कामातला अडथळा नाही. ज्यांना काहीच वाटत नाही असे पशुवैद्यक दुखण्याच्या खुणा पाहायला हळूहळू विसरतात. त्यांच्या हातात जनावर देताना मला धाकधूक वाटते. मात्र हळव्या माणसाला थकवा लवकर येतो, आणि तो मृत्यूंपेक्षा वेगळ्याच गोष्टींमुळे जास्त येतो. बरा होण्याजोगा आजार असतो, उपचारही हाताशी असतात, पण मालकाला खर्च परवडत नाही. किंवा परवडतो पण करायचा नसतो. साथ आली की वरवर धडधाकट दिसणारा कळपच्या कळप मारण्याच्या आदेशावर सही करावी लागते. रात्री-अपरात्री बोलावणी येतात. कामाच्या मानाने मोबदला अनेक ठिकाणी कमी असतो. आणि जनावर दगावले की मालकाचे दुःख रागाच्या रूपाने समोरच्या डॉक्टरवर कोसळते.

याचा परिणाम गंभीर असू शकतो आणि तो आपल्यापासून लपवणे बरोबर नाही. अनेक देशांतील अभ्यासांत पशुवैद्यकांमधील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळले आहे; अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा स्त्री पशुवैद्यकांमध्ये ते सुमारे साडेतीन पट होते. एका सुटीतल्या अबोल्यावरून आपण घाबरून जावे असे नाही. पण झोप कायमची बिघडली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, ‘माझ्याच्याने काही होत नाही’ असे बोलणे वारंवार येऊ लागले, किंवा जगण्यात अर्थ नाही असा सूर आला, तर ‘हे क्षेत्रच असे’ म्हणून सोडून देऊ नका. तिच्याशी उघडपणे बोला आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला तिच्यासोबत निघा. इथेही अभिमानाचा संबंध येतो. ज्या घरात मुलगी म्हणजे सगळ्यांना दाखवायचे भूषण असते, तिथे ‘मला आता हे सोसवत नाही’ हे वाक्य उच्चारणे फार कठीण होऊन बसते. तिने नोकरी बदलली, काही महिने थांबली, अगदी व्यवसाय सोडला तरी घरातली तिची जागा तीच राहील, हे तिला आजच, काही अडचण नसताना, सांगून ठेवा.

शरीराच्या सुरक्षेबद्दल पालक सहसा लाथा आणि चावे यांचाच विचार करतात. ते खरेच आहेत, पण न दिसणारे धोके अधिक दगा देतात. चावा बसण्याआधीच घ्यायची रेबीजची प्रतिबंधक लस तिने घेतली आहे ना, हे जरूर विचारा. पहिली मात्रा आणि सातव्या दिवशी दुसरी, अशा दोन मात्रांत ती होते. लस घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि पुढच्या मात्रा घ्यायच्याच असतात. गाभडलेले जनावर किंवा अडकलेली वार हाताळताना ब्रुसेलोसिस होऊ शकतो, ज्यात ताप महिनोन्महिने उलटसुलट येतो आणि सांधे धरतात. म्हणून खांद्यापर्यंतचे हातमोजे घालणे आणि तोंड-डोळे झाकणे यात आळस चालत नाही. स्त्री पशुवैद्यकांसाठी एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण ती पुष्कळदा सांगायची राहून जाते: गाईंना माजावर आणण्यासाठी वापरले जाणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध कातडीतून शरीरात शिरते, आणि गरोदर स्त्रीला त्याचा थेंबही धोक्याचा असतो, दम्याच्या रुग्णांनाही तो त्रासदायक ठरतो. क्ष-किरण आणि भुलीचे वायू यांबाबतही गरोदरपणात वेगळी काळजी घ्यावी लागते. वरिष्ठांना हे स्पष्ट सांगून कामाची वाटणी बदलून घेणे हा तिचा हक्क आहे, आणि तो मागताना संकोचू नये इतका पाठिंबा घरातून मिळायला हवा.

आणखी एक शक्यता मनात धरून ठेवा. ती कदाचित दवाखाना थाटणारच नाही. प्रयोगशाळेत रोगजंतूंचे निदान करणे, दूध आणि मांस तपासणे, कोंबड्यांच्या कळपांचे आरोग्य सांभाळणे, साथींचा माग काढणे, लसी बनवणे, वन्यप्राण्यांवर काम करणे अशा अनेक वाटा पदवीनंतर फुटतात. त्यांतल्या काहींमध्ये दिवस दिवस एकही प्राणी कुरवाळायला मिळत नाही. तिने अशी वाट धरली तर ‘प्राण्यांसाठी शिकलीस आणि आता कागदांत बसलीस’ असे म्हणू नका. सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी नीट वाचली गेली तर जितकी जनावरे वाचतात तितकी एका दवाखान्यात वर्षभरात वाचत नाहीत.

घरातल्या वागण्याबद्दल एक विनंती. ती सुटीवर आली की ओळखीपाळखीच्या लोकांना त्यांचे कुत्रे-मांजर दाखवायला बोलावू नका, आणि ‘आमची मुलगी सांगेल औषध’ म्हणून फोन तिच्या हातात देऊ नका. न तपासता औषध सांगणे धोक्याचे असते, नाही म्हणणे तिला अवघड जाते, आणि पदवी मिळेपर्यंत तिला स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकारही नसतो. त्याऐवजी स्वतः तिला तिच्या रुग्णांबद्दल विचारा, आणि ती जेवताना पू, वार किंवा जंत यांबद्दल बोलू लागली तर तिला थांबवू नका.

तिला विचारा की दुग्धज्वराने आडवी पडलेली गाय तिने पाहिली का. व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांत रक्तातले कॅल्शियम एकदम घसरते, गाय मान कुशीकडे वळवून पडून राहते, कान गार पडतात, उपचार झाला नाही तर ती मरते. शिरेतून कॅल्शियम देताना एक हात बाटलीवर आणि कान हृदयाच्या ठोक्यांवर ठेवावा लागतो, कारण जे औषध गाईला उठवते तेच घाईने सोडले तर तिचे हृदय बंद पाडते. हळूहळू सोडले की गाईचे अंग थरथरते, ती ढेकर देते, शेण टाकते आणि पुष्कळदा तासाभरात स्वतःच्या पायांवर उभी राहते. इतक्या वर्षांनंतरही हे पाहताना मला भरून येते. तिने हे केले असेल तर ते आपल्याला सांगताना तिचा चेहरा पाहा. अभिमान कशाचा बाळगायचा, हा प्रश्न आपल्याला पुन्हा पडणार नाही.

राहिला भेटीचा प्रश्न. स्टेथोस्कोप तिच्याकडे आधीच असेल आणि त्याची नळी-माप याबाबत प्रत्येकाची आवड वेगळी असते, म्हणून तो नको. प्राण्यांची चित्रे असलेल्या वस्तू तिला इतरांकडून भरपूर मिळतील. जमल्यास अपघाताने किंवा आजारपणाने काम थांबले तर उत्पन्नाची भरपाई देणारा विमा उतरवून द्या, कारण मोडलेल्या मनगटाने शस्त्रक्रिया करता येत नाही. त्याच्या जोडीला डोक्याला बांधायचा चांगला दिवा द्या. रात्री अडलेल्या गाईपाशी दोन्ही हात गुंतलेले असताना उजेड धरायला कोणी असतेच असे नाही. आणि गुडघ्यापर्यंतचे, न घसरणाऱ्या तळव्यांचे पाणीरोधक बूट द्या, मात्र ते तिला सोबत नेऊन, घालून पाहूनच घ्या, कारण ओल्या फरशीवर जनावर अंगावर आले की सैल बुटात पाय सावरत नाही.